वैनीच्या अक्षरातला कागद

मंगळवार, ४ फेब्रुवारी २०२५.
सकाळी गारठा होता. गुडघा कालच्यापेक्षा बरा. केळीचे दोन लोंगर उतरवले, एक रोझमेरीकडे पाठवला. दुपारी काशिनाथभावोजी आले. गोदामाच्या जागेवर होणाऱ्या घरांविरुद्ध हरकतीचा अर्ज लिहून दिला. दीड पान झाले. मजकूर चांगला उतरला.

वसईजवळच्या गिरीज गावच्या सरलावैनी राऊतांनी त्या दिवशी डायरीत लिहिलं ते एवढंच. ‘मजकूर चांगला उतरला’ हे शेवटचं वाक्य पाच दिवसांनी त्यांनी पुन्हा वाचलं, तेव्हा ते खोडावं की काय असं त्यांना वाटलं. पण डायरीत खोडाखोड करायची नाही, असा त्यांचा साठ वर्षांचा नेम. वाक्य राहिलं तसंच.

हा नेम त्यांना वसईच्या कॉन्व्हेंट शाळेत लागला. निबंध शिकवणाऱ्या सिस्टर म्हणायच्या, रोज चार ओळी लिहा, खऱ्या लिहा आणि थोड्या लिहा. वर्गातल्या बाकीच्या मुलींनी महिनाभर लिहिल्या. सरलेने लग्न झालं तरी लिहिल्या, बाळंतपणात लिहिल्या, नवरा गेला त्या दिवशीही लिहिल्या. चंद्रहासरावांना जाऊन आता नऊ वर्षं झाली. वाडीत केळी, नारळ आणि सोनचाफ्याची पन्नासएक झाडं. चाफा तोडायला पहाटे बाई येते, बाकी घरात वैनी एकट्याच. वय शहात्तर.

शाळेने त्यांना आणखी एक गोष्ट दिली होती, ती म्हणजे अक्षर. गोल, उभं, शिरोरेषा जणू पट्टीने मारलेली. सून होऊन गिरीजमध्ये आल्या त्याच वर्षी विजेच्या खांबासाठी गावाचा अर्ज गेला, तो सासऱ्यांनी त्यांच्याकडून लिहून घेतला. खांब दोन महिन्यांत उभा राहिला. तो अर्जामुळे राहिला की त्याची वेळच आली होती, कोण जाणे. पण गावाने श्रेय अक्षराला दिलं. तेव्हापासून एसटीची फेरी वाढवा, तलाठ्याने उतारा चुकवला, बँकेने पासबुक भरलं नाही, जे काय असेल त्याचा कागद राऊतांच्या ओटीवर लिहिला जायचा. खाली कोपऱ्यात बारीक ‘लेखन : सौ. सरला राऊत’, आणि नऊ वर्षांपासून ‘श्रीमती’. पुढे पुढे अशी पद्धतच पडून गेली, की वैनींच्या अक्षरातला कागद दारात आला की कोणी वाचत बसायचं नाही. पेन घ्यायचं, मागच्याच्या खाली सही करायची आणि कागद पुढच्या घरी द्यायचा.

गोदामाची जागा म्हणजे भाजी उत्पादक सोसायटीची जुनी जागा. एके काळी इथून रोज पहाटे भाजीचा आणि पानांचा ट्रक मुंबईला जायचा. ट्रक बंद झाला, सोसायटीचं काम आटलं, रस्त्याकडेची अडीच एकर जागा आणि पत्र्याचं गोदाम तेवढं उरलं. त्याचं काय करायचं याच्या चर्चा दहा वर्षं चालल्या. कोणी म्हणे लग्नाचा हॉल बांधा, कोणी म्हणे बिल्डरला देऊन मोकळे व्हा, एरॉलचं म्हणणं फुटबॉलचं मैदान करा, आणि त्याच्या बायकोचं म्हणणं की हा पन्नाशीला आला, आता कोण खेळणार. शेवटी सोसायटीचे अध्यक्ष प्लासिड सर, म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले हेडमास्तर, यांनी भुईगावच्या ॲनिशाला बोलावलं. ती आर्किटेक्ट, वय तिशीच्या आतबाहेर. तिने आराखडा केला तो असा : दोन मजल्यांच्या वर काही जायचं नाही. गावातल्या मुलांसाठी अठरा लहान फ्लॅट. शिक्षिका, नर्स, नोकरदार यांना भाड्याने द्यायला बारा घरं. आणि म्हाताऱ्यांसाठी तळमजल्यावर सहा, पायरी नसलेली. सगळ्या तऱ्हेची माणसं एकाच आवारात.

यावर गावाचं मत घ्यायचं ठरलं. सोसायटीत ब्याण्णव घरं. घरटी एक मत, लेखी. निम्म्याहून जास्त घरांनी हरकत घेतली, तर आराखडा रद्द.

काशिनाथची वाडी गोदामाला लागून, जरा उतारावर. तो नात्याने लांबचा दीर, साठीचा, बोलायला तुटक. मंगळवारी ओटीवर बसून त्याने सांगितलं ते एका दमात संपलं. “वैनी, माझं म्हणणं एकच. त्या घरांचं घाण पाणी माझ्या बावखलात उतरलं, तर माझी पानवेल गेली.” बावखल म्हणजे वाडीतलं खोदलेलं तळं. त्याच्या गोड्या पाण्यावर त्याच्या आज्यापासूनची पानवेल उभी होती.

वैनींनी पेनाचं टोपण काढलं आणि त्या थांबल्या. एका वाक्याचा कुठे अर्ज होतो? सिस्टरांची शिकवण होती, जोरकस मुद्दा आधी मांडावा, लहानसहान शेवटी. त्यांनी विचार केला आणि लिहायला घेतलं : ‘गावाशी ज्यांचे कोणतेही नाते नाही, अशा भाडोत्री व एकखोलीवासी लोकांचा लोंढा आल्यास गावाचे गावपण उरणार नाही.’ हात चालू लागला. शांततेचा परिच्छेद झाला, संस्कृतीचा झाला, रस्त्यावरच्या गर्दीचा झाला. बावखलाला दुसऱ्या पानावर शेवटची दीड ओळ मिळाली. वाचून दाखवलं तेव्हा काशिनाथ खुशीत आला.

“वा, वैनी. हे मी बोललोच नव्हतो, पण बोलल्यासारखं वाटतंय.”

त्याने पहिली सही केली. वैनींनी आपल्या घराची दुसरी केली आणि खाली कोपऱ्यात नेहमीची ओळ लिहिली. कागद गावात फिरायला गेला.

रविवारी विरारहून लेक आली. संपदा, जावई विघ्नेश आणि त्यांची दहावीतली ऋतिका. जेवणं झाल्यावर ऋतिका पुस्तक घेऊन आत गेली आणि विघ्नेशने विषय काढला.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. श्रावणात वैनी न्हाणीघरात पडल्या होत्या. हाड मोडलं नाही, पण उठता येईना. चाफ्याची बाई येईपर्यंत दोन तास त्या ओल्या फरशीवर पडून होत्या. त्यानंतर संपदाने ठरवलं, आता एकटं राहायचं नाही. होळी झाली की घराला कुलूप, आणि आईने विरारला यायचं, सातव्या मजल्यावर. वैनी हो म्हणाल्या. लेकीकडे जाण्यात दुःख काय करायचं, असं त्यांनी रोझमेरीला सांगितलंही होतं. पण हो म्हणाल्यापासून त्यांचं जेवण निम्म्यावर आलं होतं. वाडीत गेल्या की झाडाला हात लावून उगीच उभ्या राहायच्या.

लेकीनेच इकडे यायचं, तर विघ्नेश घरजावई म्हणून राहायला तयार नव्हता. माणूस कुडाळकडचा, सरळ, कष्टाचा, पण या एका बाबतीत हळवा. दहा वर्षांपूर्वी एका पूजेच्या पंगतीत कोणीतरी थट्टेने तो शब्द उच्चारला, तर हा पानावरून उठून गेला होता.

आणि तोच विघ्नेश आता सांगत होता, की आई, आम्ही गोदामाच्या योजनेत भाड्याच्या घरासाठी नाव दिलंय. तुमच्या दारापासून पाच मिनिटं. आमचं घर आमचं, तुमचं घर तुमचं. दूध आणायला निघालो की तुम्हाला बघून जाईन. विरारचं घर भाड्याचंच आहे, सोडायला कितीसा वेळ. नक्की होईपर्यंत बोलायचं नव्हतं, म्हणून गप्प होतो.

वैनींनी हातातलं पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

“पण आता कठीण दिसतंय,” संपदा म्हणाली. तिने मोबाइल पुढे केला. ॲनिशाने सगळ्या हरकती टाइप करून योजनेच्या ग्रुपवर टाकल्या होत्या. त्यात एक दीड पानी होती. सह्या एकावन्न. ब्याण्णवातल्या एकावन्न म्हणजे खेळ खलास.

“कुठल्या तरी वकिलाकडून लिहून घेतलाय,” विघ्नेश म्हणाला. “भाषा बघा ना. भाडोत्री व एकखोलीवासी लोकांचा लोंढा. आई, आम्ही लोंढा.”

तो हसला, पण हसू ओठांपुरतंच होतं. टाइप केलेल्या कागदावर अक्षर दिसत नाही, आणि कोपऱ्यातली बारीक ओळ ॲनिशाने घेतली नव्हती. संध्याकाळी मंडळी गेली, तरी अर्ज आपला आहे हे वैनींनी सांगितलं नाही. त्या रविवारच्या डायरीत फक्त ‘संपदा, विघ्नेश, ऋतिका आले होते’ एवढंच आहे.

सोमवारी सकाळी त्या काठी घेऊन रोझमेरीकडे गेल्या. रोझमेरी शाळेत त्यांच्या बाकावर बसायची, ती आजही बाजूला बसवून ऐकणारी एकच. सगळं ऐकून घेऊन तिने आधी चहा टाकला.

“आमचं बरं असतं बाय,” ती म्हणाली. “पाप केलं की फादरांच्या कानात सांगायचं, मोकळं व्हायचं. तुला तर आता माईकवर सांगावं लागणार.”

“थट्टा नको करू, रोझ.”

“थट्टा नाही करत. मी पण सही केली ना त्यावर. तुझं अक्षर बघितलं, केली. चष्मासुद्धा नाही लावला. काय लिहिलंयस ते तू आता सांगतेस तेव्हा कळतंय मला. माझा नातू भाड्याची खोली शोधत फिरतोय, आणि मी त्याला लोंढ्यात घातला.”

तिथून उठून वैनी काशिनाथकडे गेल्या. कागद मागे घ्या म्हणाल्या. तो बावरला. कागद सोसायटीत जमा झाला होता, आता सभेतच काय ते. आणि मागे का घ्यायचा, वैनी? एकावन्न घरं एका मताची आहेत. गावात असं कधी झालं होतं का?

वैनी त्याला काय सांगणार होत्या? एकावन्न घरं एका मताची नव्हती, एका अक्षराची होती. त्या घरी आल्या. आठवडाभर त्यांना झोप धड लागली नाही. आपण बोललो तर गाव म्हणणार, लेकीला घर मिळावं म्हणून म्हातारी फिरली. न बोललो तर होळीनंतर कुलूप, आणि त्याची किल्ली आपणच आपल्या हाताने घडवलेली. तिसरा रस्ता त्यांना सापडला नाही.

सोळा तारखेला चर्चमधली रविवारची मिस्सा सुटल्यावर गोदामात सभा भरली. पत्रा तापायला लागला होता. प्लासिड सर खुर्चीवर, बाजूला ॲनिशा, पाठीमागे भिंतीला लावलेला आराखडा. विघ्नेश आणि संपदा शेवटच्या रांगेत. सरांनी आधी हरकतींचा आकडा सांगितला आणि मग विचारलं, काही बोलायचं असेल तर आत्ता, नाहीतर विषय संपला.

वैनी उठल्या. माईक त्यांनी घेतला नाही.

“तो दीड पानी अर्ज मी लिहिलाय,” त्या म्हणाल्या. “सगळ्यांना माहीत आहे, माझं अक्षर आहे. पण मजकूरही माझाच आहे, हे माहीत नाही. काशिनाथभावोजी एकच वाक्य बोलले होते, बावखलाचं. बाकी सगळं मी घातलं. कशासाठी, तर अर्ज भारदस्त दिसावा म्हणून.”

त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली.

“माझ्या लेकीने इथे घरासाठी नाव दिलंय. ते मला नंतर कळलं. तेव्हा मी स्वार्थाने बोलतेय असं कोणाला वाटलं, तर ते खरंच आहे. पण तुम्ही ज्यावर सही केलीत ते एकदा ऐका. मग ठेवायची तर ठेवा सही.”

आणि त्यांनी सरांकडून कागद घेऊन तो मोठ्याने वाचला. शाळेत उभं करून वाचायला लावत तसा, स्वल्पविरामाला थांबत. ‘लोंढा’ शब्दही त्यांनी तितक्याच स्पष्ट वाचला. दुसऱ्या परिच्छेदापर्यंत माणसं एकमेकांकडे बघू लागली. एरॉलची बायको नर्स. लग्नाआधी चार वर्षं याच गावात भाड्याच्या खोलीत राहिलेली. ती नवऱ्याकडे नुसती बघत राहिली.

“मी वाचला नव्हता,” एरॉल म्हणाला. “वैनींचं अक्षर होतं.”

“मी पण नाही.” “मी पण.” तीनचार कोपऱ्यांतून आवाज आले.

वैनी शेवटच्या दीड ओळीवर आल्या, बावखलाच्या. ती वाचून झाली तशी ॲनिशा उठली आणि आराखड्यापाशी गेली.

“काका, तुमचं खरं म्हणणं हे आहे?” तिने काशिनाथला विचारलं. “मी हा अर्ज टाइप केला, पण तिथवर पोचेपर्यंत माझी समजूत झाली होती की तुम्हाला घरंच नकोत. सांडपाण्याची टाकी उताराच्या बाजूला दाखवलीय, तुमच्या वाडीच्या कुंपणाला. ती रस्त्याच्या बाजूला नेता येते. पंप बसवावा लागेल, एवढंच. पहिल्या दिवशी सांगितलं असतं, तर त्याच दिवशी रेघ बदलली असती.”

“मी पहिल्या दिवशी तेच सांगितलं होतं,” काशिनाथ म्हणाला, आणि वैनींकडे न बघता टोपी सारखी केली. तेव्हा पहिल्यांदा सभेत हसू फुटलं. वैनीही हसल्या. हसताना डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पदराने टिपलं.

पुढचं काम तासभर चाललं. काशिनाथने आपली अट सोसायटीकडून लिहून घेतली, आणि लिहायला पेन वैनींच्याच पुढे केलं. त्यांनी ते वाक्य त्याने सांगितलं तसंच लिहिलं, एक शब्द वर नाही की खाली नाही. मग ज्यांना सही काढून घ्यायची त्यांनी नावापुढे फुली मारायची असं ठरलं. वाचून, हे सर दोनदा म्हणाले. रोझमेरीने या वेळी चष्मा आणला होता. शेवटी हरकती उरल्या चौदा. गोदामाच्या रस्त्यावरच राहणाऱ्या जॅक्सनने आपली मागे घेतली नाही. रस्ता अरुंद आहे, छत्तीस घरांच्या गाड्या कुठून जाणार, हे त्याचं म्हणणं होतं आणि ते खोटंही नव्हतं. सरांनी ते वेगळं नोंदवून घेतलं. पण चौदा म्हणजे निम्म्याच्या कितीतरी खाली. आराखडा राहिला.

आणखी एक ठरलं, ते ॲनिशाने सुचवलं म्हणून. सगळं बांधून व्हायला दोनतीन वर्षं लागतील. पण गोदामापुढची सोसायटीच्या कचेरीच्या खोल्यांची रांग पक्क्या बांधकामाची आहे, तिची डागडुजी करून चार भाड्याची घरं पावसाच्या आत तयार होतील. ती आधी त्यांना द्यावीत, ज्यांचं म्हातारं माणूस गावात एकटं आहे. अशी नावं विचारली, तर बरोबर चार निघाली. त्यात संपदाचं एक.

माणसं उठून बाहेर पडायला लागली. वैनी मात्र खुर्चीतच बसून राहिल्या. विघ्नेश रांगेतून वाट काढत पुढे आला. त्यांनी मान वर केली.

“आई,” तो म्हणाला, “‘एकखोलीवासी’ हा शब्द तुमचा?”

“माझाच.”

“चांगला आहे. दारावर पाटी लावतो.”

संपदा मागून म्हणाली, पाटी पण आईच लिहील, आणि ती वाचल्याशिवाय लावायची नाही. मग तिने आईचा हात धरला आणि हळूच सांगितलं, होळीचं राहू दे आता. जूनपर्यंत आळीपाळीने मी आणि ऋतिका येऊन राहतो, सुट्टीच आहे तिला परीक्षेनंतर. घराला कुलूप घालायचं नाही.

वैनी ‘बरं’ म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या. घरी आल्यावर मात्र त्यांनी दुपारी भात दोनदा घेतला, वर ताक मागितलं, आणि ओटीवरच्या बाकावर पडल्या त्या साडेपाचपर्यंत गाढ झोपल्या. काशिनाथ पानांची जुडी घेऊन आला होता. त्यांना उठवू नका म्हणाला आणि ती संपदाच्या हाती देऊन गेला. जाताना कुंपणापाशी थांबून विघ्नेशशी बराच वेळ बोलत उभा होता. पाणी कुठून उतरतं, कुठून चढवावं लागेल, हात करून करून दाखवत होता. विघ्नेशनेही हात करून काहीतरी विचारलं.

दिवेलागण झाली, मंडळी विरारला परतली. वैनींनी देवापाशी दिवा लावला, डायरी काढली, तारीख घातली : रविवार, १६ फेब्रुवारी २०२५. सभेबद्दल तीन ओळी लिहिल्या, नावांसकट. मग थोडं थांबून खाली लिहिलं :

रात्री मुगाची खिचडी. गॅस खिचडी शिजतानाच संपला, दुसरा सिलिंडर लावला. होळीपर्यंत एवढा पुरेल म्हणून नवा नोंदवला नव्हता, उद्या नोंदवायचा.